बेस गिटारचा इक्वलायझर : दुरुस्तीच्या टेबलावरचे नवे काम

रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीवर ज्यांची रोजी चालत होती, त्या कारागिरांचे काम घटले असले तरी हातातले हुनर गेलेले नाही. बँडमध्ये वाजवणारी मुले पायाखाली एक छोटी पेटी ठेवून गिटारचा आवाज बदलतात. तिला पेडल म्हणतात. बेस गिटारसाठी चार पट्ट्यांचा इक्वलायझर पेडल घरच्या टेबलावर बनवता येतो आणि त्यात डाग देता येणाऱ्या माणसाला अवघड असे फारसे काही नाही.

बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. साध्या गिटारची तीच तार ८२ हर्ट्झवर असते. म्हणून साध्या गिटारचा इक्वलायझर बेसला पुरत नाही. इतक्या खालच्या सुरासाठी २.२ हेन्रीची कॉइल लागेल. लोखंडी गाभ्यावर ती गुंडाळायची म्हणजे वजन वाढले, आणि मेन्सची घरघर ती ओढून घेणार ते वेगळेच. यावर तोड म्हणजे जायरेटर. यात आयसी, दोन रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर मिळून कॉइलचे सोंग घेतात.

टीएल०७२ या आयसीत दोन अॅम्प्लिफायर असतात. त्यातल्या एकाचा आउटपुट त्याच्याच उणे पायाला जोडा. अधिक पायापासून १०० किलोओहम अर्ध्या व्होल्टेजच्या बिंदूला आणि ४७ नॅनोफॅरडचा कंडेन्सर प्रवेशबिंदूला जोडा. आउटपुटपासून त्याच प्रवेशबिंदूला ४७० ओहम लावा. दोन्ही रेझिस्टन्स आणि कंडेन्सर यांचा गुणाकार केला की २.२ हेन्री येतात. प्रवेशबिंदूला ४.७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये लावला की पट्टी ५० हर्ट्झच्या आसपास बसते. दुसरी पट्टी १८ नॅनो आणि २.२ मायक्रोने सुमारे १२० हर्ट्झवर येते. पुढचा हिशेब सोपा आहे. दोन्ही कंडेन्सर एक दशांश केले की सूर दहापट वर जातो, म्हणून त्याच दोन जोड्यांतून ५०० आणि १२०० हर्ट्झच्या पट्ट्या मिळतात.

मुख्य अॅम्प्लिफायरच्या दोन इनपुटांमध्ये प्रत्येक पट्टीचा १० किलोओहमचा लिनियर पॉट बसतो. पॉटचा मधला पाय त्या पट्टीच्या सिरीज कंडेन्सरला जातो. आधीच्या बफरपासून अधिक पायाला १.५ किलोओहम, आणि आउटपुटपासून उणे पायाला तेवढाच. एवढ्यावर १२ डेसिबल, म्हणजे व्होल्टेज चौपट वाढवता किंवा घटवता येते. बफरचा इनपुट १ मेगओहमचा ठेवा, नाहीतर बेसचा आवाज दबतो. बफर, मुख्य अॅम्प्लिफायर आणि चार जायरेटर मिळून तीन आयसी लागतात. लहान कंडेन्सर पॉलिस्टरचे घ्या, चकतीचे सिरॅमिक नकोत. ४.७ मायक्रोचा बिनध्रुवाचा मिळाला तर उत्तम.

आता नुकसान कुठे होते ते पाहू. पेडलच्या ९ व्होल्ट अॅडॉप्टरमध्ये आतली पिन सहसा उणे आणि बाहेरची बाजू अधिक असते. घरातल्या बऱ्याच अॅडॉप्टरमध्ये याच्या उलट असते. गिऱ्हाईक एकदा चुकीचा अॅडॉप्टर लावेल आणि तिन्ही आयसी जातील. म्हणून इनपुटला शॉटकी डायोड सिरीजमध्ये लावलाच पाहिजे. काही रुपयांची ही वस्तू वाचवणारा शेवटी परत आलेल्या मालावर मजुरी फुकट घालवतो.

दुसरे असे की ५० हर्ट्झ चौपट केले तर त्या सुराला सोळापट पॉवर लागते. ९ व्होल्टवर आयसीची झेप साधारण ६ व्होल्टची. त्यापलीकडे आवाज फाटतो आणि छोट्या स्पीकरचा कोनही धोक्यात येतो. गिऱ्हाइकाला खालचे सूर वाढवण्याऐवजी ५०० ची पट्टी थोडी उतरवायला सांगा. बेस आपोआप भरदार वाटतो. पॉटला खुणा करताना मधोमध ‘शून्य’ ठळक लिहिले तर हे समजावणे सोपे जाते.

डबा अॅल्युमिनियमचाच हवा आणि तो ग्राउंडला जोडलेला हवा. प्लास्टिकमध्ये घरघर येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला बहुतेक सुटा माल मिळतो. तीन पोलचा पायाचा स्विच मात्र घेण्यापूर्वी चार-पाच वेळा दाबून पाहा. पेडलमध्ये सर्वांत आधी बिघडतो तोच.

किंमत ठरवताना सुट्या भागांपेक्षा वेळ अधिक मोजा. सर्किट एका दिवसात उभे राहते, पण डब्याला भोके पाडणे, रंग देणे आणि अक्षरे काढणे यात दुसरा दिवस जातो. पहिल्या पेडलवर हा दुसरा दिवस बहुतेक कारागीर हिशेबात धरत नाहीत.