डंख चोरणारी गोगलगाय

प्रवाळांच्या टँकमध्ये लाइव्ह रॉकच्या एखाद्या भेगेतून एक दिवस इवलंसं, काचेसारखं तपकिरी फूल डोकावतं. मालक हरखतो, समुद्रफूल फुकटात मिळालं! काही आठवड्यांत एकाची वीस होतात आणि शेजारची प्रवाळं डंखांच्या भीतीनं अंग चोरून बसतात. पाहुण्याचं नाव आयप्टेशिया.

उपटायला जावं तर ते भेगेत गडप होतं. ओढलंच, तर तळव्याचा कपटा दगडाला चिकटून राहतो आणि त्यातून नवं फूल उभं राहतं. रक्तबीजच! आपण ओढलं नाही तरी सरकता सरकता ते असे कपटे मागे टाकतच जातं. पुराणातल्या रक्तबीजावर तोडगा एकच निघाला होता: रक्ताचा थेंब खाली पडायच्या आत कालीनं पिऊन टाकायचा.

इथं कालीचं काम करते बर्घिया स्टेफनी ही जेमतेम दोन सेंटिमीटरची, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. मूळची फ्लोरिडा कीजची. 2005 साली शास्त्रज्ञांनी तिचं रीतसर वर्णन केलं. ती आयप्टेशियाच खाते, दुसरं काही नाही. दिवसा दगडाखाली, रात्री शिकारीवर.

पण डंखांचं काय? मला सगळ्यात थक्क करतं ते इथेच. भक्ष्याच्या दंशपेशींतल्या विषारी कुप्या तिच्या पोटात सगळ्याच पचत नाहीत. न फुटलेल्या काही कुप्या पाठीवरच्या बोटांसारख्या झालरींच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथल्या थैल्यांत साठतात. पुढे कोणी तिला छेडलं, तर त्याच कुप्या त्याच्यावर सुटतात. शत्रूची काडतुसं, तीही त्याला खाऊन मिळवलेली!

पेपरमिंट कोळंबी किंवा लांब चोचीचा कॉपरबँड मासाही आयप्टेशिया खातो, पण दोघांचं मन लहरी. दुसरं काही चविष्ट मिळालं की शिकार विसरली. बर्घियाला तो पर्यायच नाही. ती उभयलिंगी असल्यानं कुठल्याही दोघी भेटल्या की पांढऱ्या अंड्यांची वेटोळी मांडतात, आणि पिल्लं मोठी होऊन त्याच कामाला लागतात.

फूल संपलं की मात्र उपासमार. म्हणून टँक स्वच्छ झाल्यावर काही शौकीन उरलेल्या गोगलगायी दुसऱ्या त्रस्ताला देतात. काहींचा त्यांच्यावर जीव जडतो. मग ते कोपऱ्यात वेगळी बरणी ठेवतात आणि तिच्यात, मुद्दाम, आयप्टेशिया वाढवतात.