मेक्सिकोचा गरमागरम पोंचे

थंडीत चहा-कॉफीचा कंटाळा आला असेल, तर हा नाताळातला पोंचे करून बघाच. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर पोसादांच्या रात्री असतात. मरिया-योसेफ आसरा शोधत फिरले, त्याची आठवण म्हणून लोक गात गात दारोदार जातात. मग वाफाळते पेले येतात.

साहित्य थेट आपल्या मंडईतलं! पेरू, ऊस, सफरचंद, चिंच, दालचिनी, लाल अंबाडीची बोंडं आणि गूळ (तिकडे तो शंकूच्या आकारात मिळतो). अडतं फक्त तेखोकोतेपाशी. हे छोटं, पिवळं-केशरी, आंबटगोड फळ पेक्टिनमुळे पोंचेला दाटपणा देतं. आपण सफरचंदाच्या फोडी थोड्या वाढवायच्या.

दोन लिटर पाण्यात दालचिनी, मूठभर बोंडं, थोडा चिंचेचा कोळ उकळून गाळा. गूळ चवीनुसार, पण बेताने. फळंही गोडी सोडतात. आता उसाचे करवे आणि सफरचंद घालून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पेरू मात्र शेवटच्या दहा मिनिटांत, नाहीतर लगदा! पेरू पडला की घरभर जो वास सुटतो, त्याला तोड नाही.

तिकडे मोठी माणसं यात रमही ओततात. मला बिनरमचाच आवडतो, चमच्याने फळं खात आणि करवे चघळत.