इंद्रायणी तांदूळ ‘जीएम’ आहे का?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. मी मुळशीतून बोलतो, त्यामुळे मला भाताबद्दलच जास्त विचारलं जातं. त्यातला नेहमीचा प्रश्न: “दादा, इंद्रायणी जीएम आहे का हो?”

सरळ उत्तर, नाही. पण ती पूर्वापार चालत आलेली गावठी जातही नाही.

मुळशीचा जुना, मानाचा तांदूळ म्हणजे आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो. पण रोप उंच, उत्पन्न कमी, आणि परतीच्या पावसात पीक लोळतं. तिकडे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ ही बुटकी, भरपूर पिकणारी जात आणली. तिचा बुटकेपणा तैवानच्या एका जातीकडून आलेला. आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला, आणि १९८७ मध्ये इंद्रायणी आली. म्हणजे बघा, आपल्या खाचरात थोडं तैवानचं रक्तही आहे!

मग जीएम म्हणजे काय? संकरात भाताचं लग्न भाताशीच लागतं. जीएममध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याच जीवाचा जनुक आणून बसवतात. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक आहे, त्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाड स्वतःच बनवतं. भारतात शेतकऱ्यांच्या शेतात कायदेशीरपणे पिकणारं जीएम पीक हे एकच, तेही २००२ पासून. बीटी वांगं सरकारने २०१० मध्ये थांबवलं.

आता तिसरा प्रकार आलाय, जनुक संपादन. तो समजायला आंबेमोहोराचा वासच आठवा. सुवासिक भातांत बहुतेक वेळा एक ठरावीक जनुक निसर्गतःच बंद पडलेला असतो. तो बंद असल्यामुळेच वासाचं रसायन दाण्यात साठतं. निसर्गात असं बटण योगायोगाने बंद होतं. ‘क्रिस्पर’ नावाच्या तंत्राने शास्त्रज्ञ तेच ठरवून करतात, बाहेरचा जनुक शेवटी पिकात न ठेवता.

मे २०२५ मध्ये देशात असे दोन भात जाहीर झाले. त्यातला ‘कमला’ हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने सांबा मसुरी या जातीपासून केला. लोंबीतल्या दाण्यांना लगाम घालणारा जनुक त्यात बदललाय. उत्पन्न सुमारे १९ टक्के जास्त आणि पीक सुमारे २० दिवस आधी तयार, असा संस्थेचा दावा. दुसरा ‘पुसा डीएसटी राईस १’, खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी.

अशा पिकांना २०२२ पासून जीएमच्या कडक परवानग्यांतून सूट आहे. वाद इथेच आहे. शास्त्रज्ञ म्हणतात, असा बदल निसर्गातही होतो. विरोधक म्हणतात, तरी तपासणी हवी आणि चाचण्यांची माहिती सगळ्यांसमोर यायला हवी. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं वाटतं.

पण मुळशीच्या शेतकऱ्यासाठी कळीचा मुद्दा वेगळा आहे: बियाणं कोणाच्या हातात? इंद्रायणी ही सरळ जात आहे. चांगल्या लोंब्या निवडून घरचं बी राखता येतं. बीटी कापसाचं बहुतेक बियाणं संकरित, म्हणून दरवर्षी विकत घ्यावं लागतं. शिवाय काही वर्षांत गुलाबी बोंडअळीलाही त्याची सवय झाली. कमला सरकारी संस्थेचा असला, तरी क्रिस्परची महत्त्वाची पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लॅबमधला तांदूळ’ असा मेसेज आला, की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. नेमकं काय बदललं? तपासलं कोणी? आणि पुढच्या हंगामाचं बी शेतकऱ्याला घरी राखता येणार का?

तुमच्या गावात अजून आंबेमोहोर लावतात का? व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!