खर्ज सांभाळणारी पेडलं

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. माणसाच्या कानाची खालची मर्यादा २० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे ऐकू येण्याच्या उंबरठ्यापासून बेसवादक जेमतेम एक सप्तक वर असतो. पहिला पेडलबोर्ड, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पेडलांची फळी, जुळवताना हा आकडा डोक्यात पक्का हवा, कारण दुकानात मांडलेली बहुतेक पेडलं साध्या गिटारसाठी घडवलेली असतात, आणि तिचा खर्ज ८२ हर्ट्झलाच संपतो.

गंमत अशी, की या पेडलांच्या पसाऱ्याचा एक मोठा उगम बेसच्याच जातभाईत सापडतो. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि त्यांचा सूर फाटून, घरघरत बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून मुद्दाम घडवून आणला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढला. १९६५ मध्ये पॉल मॅकार्टनींनी बीटल्सच्या ‘थिंक फॉर युअरसेल्फ’मध्ये फझ लावलेला बेस वाजवला, तेव्हा हा आवाज एका अर्थी घरी परतला होता.

फझ असो की ओव्हरड्राइव्ह, दोन्हींत लहरीचे माथे छाटले जातात आणि मूळ सुराच्या पटीतले नवे सूर जन्मतात: ४१ वर ८२, १२३, १६४ असे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ झेपत नाहीत. पण हे वरचे सूर कानी पडले की त्यांच्यातलं सारखं अंतर ओळखून मेंदू नसलेला खर्ज स्वतःच उभा करतो! म्हणूनच हलका ओव्हरड्राइव्ह लावलेला बेस छोट्या स्पीकरवरही उठून ऐकू येतो. मात्र गिटारचं पेडल उसनं घेऊन हे साधेलच असं नाही. आयबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना मुद्दामच कमी वाढवलेलं असतं. गिटारला ते शोभतं, बेस त्याने पोकळ होतो. म्हणून बेससाठी ड्राइव्ह घेताना ‘ब्लेंड’चं बटण आहे का ते पाहावं. त्याने स्वच्छ आवाज खाली तसाच राहतो आणि फाटलेला आवाज त्यावर हवा तेवढा मिसळता येतो. हे बटण नसलेलं पेडल कितीही नावाजलेलं असलं तरी पहिल्या बोर्डावर मी ते घेणार नाही.

ट्यूनरबद्दल फार सांगायला नको. तो सर्वांत आधी घ्यावा, सर्वांत आधी जोडावा. बहुतेक ट्यूनर पाय ठेवताच आवाजही बंद करतात. कॉम्प्रेसर मात्र बेसवाल्यांचा लाडका. ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज तो दाबतो: गुणोत्तर ४:१ असेल, तर त्या पातळीच्या वर आत ४ डेसिबलची वाढ झाली की बाहेर एकच डेसिबल दिसते. बोटांचा ओबडधोबडपणा यात झाकला जातो, आणि नेमकं त्याचसाठी शिकाऊ वादकाने तो घ्यायची घाई करू नये, असं माझं मत आहे.

एखादं लहरी पेडल हवंच असेल तर ऑक्टेव्हर घ्यावा. बॉसचा ओसी-२ हा १९८२ चा. पिनो पॅलाडिनोंनी पॉल यंग यांच्या ‘व्हेअरेव्हर आय ले माय हॅट’मध्ये फ्रेट नसलेल्या बेसला त्याचीच जोड दिली होती. याच्या पोटातली युक्ती थक्क करणारी आहे. आत आलेल्या दर दोन लहरींमागे सर्किट एकच लहर बाहेर सोडतं. कंपनसंख्या निम्मी झाली, की सूर बरोबर एक सप्तक खाली. मात्र मोजणी एका वेळी एकाच सुराची होते; दोन तारा एकत्र छेडल्या की गोंधळ उडतो. सर्वांत जाड अशा मोकळ्या ई तारेवर तर उत्तर २० हर्ट्झच्या आसपास येतं, म्हणजे स्पीकरचा पडदा हलतो आणि ऐकू जवळपास काही येत नाही. त्यामुळे ऑक्टेव्हर वरच्या फ्रेट्सवर खुलतो. दुसरं लहरी पेडल म्हणजे फिल्टर. बेसवादक बूट्सी कॉलिन्स यांनी गाजवलेल्या म्यू-ट्रॉनसारखा फिल्टर तार किती जोरात छेडली यावर उघडतो. कॉम्प्रेसर त्याच्या आधी लावला तर हा जोराचा फरकच मरतो. म्हणून कॉम्प्रेसर फिल्टरच्या नंतर जोडावा.

राहता राहिली वीज. बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मध्ये ऋण ध्रुव असलेला पुरवठा लागतो. ध्रुव उलटा जोडला तर पेडल जळू शकतं. डिजिटल पेडलं जास्त मिलिअँपिअर खातात, आणि एकाच अडॅप्टरवर सगळी माळ लावली की त्यांची किरकिर इतरांत शिरते. प्रत्येक पेडलला वेगळी, विलग वाट देणारा पुरवठा महाग पडतो, तरी पैसे तिथे घालावेत. भारतातली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा! त्यामुळे विजेची घरघर बेसच्या सुरांच्याच रांगेत येऊन बसते. ईक्यूने ती कापायला जावं तर जी सुद्धा कापला जातो. ती मुळातच येऊ नये म्हणून बेसचा आवाज मिक्सरकडे पाठवणाऱ्या शेवटच्या डीआय पेडलवर ‘ग्राउंड लिफ्ट’चा खटका आहे ना, हे विकत घेण्याआधी पाहून घ्यावं. हॉलचा मिक्सर आणि स्टेजवरचा अँप दोन वेगळ्या सॉकेटवर असले, की अर्थिंगच्या दोन वाटांतून घरघर शिरते; त्यातली एक वाट तोडायला तोच खटका कामाला येतो.