घरचं शिवण (लेखांक ९) : ताटाच्या मापाचं कापड

मागच्या आठवड्यात पडदे हातावेगळे केले. आज जेवणाच्या टेबलाकडे वळू.

मूर्तिजापुरात ज्या घरांत टेबल आलं आहे, त्यांतल्या बहुतेकांवर फुलाफुलांचं प्लास्टिक दिसतं. पुसायला सोपं म्हणून ते आणलं जातं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहतं. वैशाखात त्याला कोपर चिकटतं. गरम पातेल्याच्या बुडाचं वर्तुळ त्यावर कायमचं उमटतं. घडीच्या रेषेवर ते तडकतं, तरी ते काढून टाकावं असं कुणाच्या मनात येत नाही. ज्या गावाच्या चारी अंगांना कपाशी उभी असते, तिथल्या जेवणाच्या टेबलावर सुती कापड नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवाय हे बदलायला फार काही लागत नाही. दोन मीटर कापड, एक रीळ आणि सुट्टीची एक दुपार पुरते.

आपल्या स्टेशनातून अरुंद रुळांचे दोन फाटे निघाले, एक अचलपूरकडे आणि एक यवतमाळकडे, ते कापसासाठीच. किलिक निक्सन कंपनीची ही गाडी म्हणजे आपली शकुंतला. आतल्या गावांचा कापूस ती जंक्शनला आणून टाकायची. तिथून तो मोठ्या गाडीनं मुंबईला जायचा आणि पुढे जहाजानं मँचेस्टरला. १९२१ साली मँचेस्टरातच बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या गाडीला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेल येईपर्यंत तेच तिला ओढत राहिलं. कापूस इथून गेला, कापड बाहेरून आलं, आणि त्या कापडाची मापंही बाहेरचीच आली. आजचा विषय खरा तो आहे. मापं.

दुकानात टेबलावर मांडायच्या चटया मिळतात, त्या साधारण १३ बाय १९ इंचांच्या असतात. हे माप उथळ बशी मधोमध आणि तिच्या दोन बाजूंना काटा-सुरी अशा मांडणीचं आहे. आपलं ताट तसं नाही. स्टीलचं नेहमीचं ताट १२-१३ इंचांचं, त्याला उभी कड, आत दोन वाट्या. त्या चटईवर ते ठेवलं की वरची-खालची कड झाकून जाते आणि पेला बाहेर टेबलावर जातो. वाढताना सांडतं ते नेमकं ताटाच्या पुढच्या कडेला, आणि तिथेच कापड नसतं. म्हणून पहिली गोष्ट, टेप घेऊन टेबल मोजू नका, आधी ताट मोजा. ताट १३ इंच, शेजारी पेल्याला ४ इंच, बाजूंना मिळून ३ इंच मोकळे, म्हणजे रुंदी २० इंच. पुढे-मागे एकेक इंच धरला की खोली १५ इंच. २० बाय १५. उजवा हात भरलेला असतो, पेला डाव्या हातानं उचलला जातो, म्हणून ताट मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे सरकवायचं आणि डावीकडची जागा पाण्याला द्यायची. शिवताना काही नक्षी किंवा काठाची पट्टी लावायची असेल तर तीही डावीकडेच लावा. उजव्या बाजूची ताटाखाली झाकली जाईल.

आता कापड. जुन्या वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड आणि भरड. तलम मलमल त्यातून निघत नसे, पण सतरंजीला, दसुतीला, जाड खादीला तो चांगला. अकोटच्या सतरंज्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. २००२ पासून बीटी वाण आलं, शेतातला धागा लांब झाला, पण टेबलाची गरज बदललेली नाही. तिथे जाड, कमी पिळाचं सूतच हवं. सांडलेलं वरण ते पटकन शोषतं आणि ओघळ मांडीवर येऊ देत नाही. दुकानात केसमेंट, दसुती किंवा जाड हातमाग मागा. पॉपलीन पातळ पडतं. ‘सुतीच आहे’ म्हणून दाखवलेल्या कापडात पॉलिस्टर मिसळलेलं असू शकतं. कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवून बघा. सूत जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख राहते, पॉलिस्टर वितळून टोकाला टणक गाठ होते. नैसर्गिक रंगांची खादी हवी असेल तर आपल्याच मार्गावर वर्धा आहे. तिथलं मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. तिथली नैसर्गिक रंगांतली खादी मला टेबलासाठी सगळ्यात आवडते. रंग दबलेले असतात आणि हळदीचा एखादा डाग त्यात मिसळून जातो.

रंगाचं म्हणाल तर आपलं जेवणच रंगीत आहे. तर्रीचा लाल, वरणाचा पिवळा, जवसाच्या चटणीचा तपकिरी. त्याखाली मोठमोठी फुलं नकोत. मातकट, गडद निळा किंवा बारीक चौकडी निवडा. खोलीतल्या पडद्यात जो रंग कमी आहे, तोच चटयांना मुख्य घ्या. भिंतींना नवा रंग न देताही जेवणाची जागा वेगळी दिसू लागते. लाल आणि गडद निळा मात्र घेण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर ते कापड सोडून द्या. मिठाच्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होत नाही, कितीही ऐकलं असलं तरी.

कोरं कापड आणलं की लगेच कात्री लावू नका. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी साबणानं धुवा, म्हणजे खळ निघेल. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. केसमेंट शंभराला पाच इंच तरी गेलं असं धरून चाला, हातमागाचं त्याहून जास्त. न आटवता शिवलेली चटई पहिल्या धुण्यानंतर चारी बाजूंनी चुण्या पडून येते, कारण कापड आटतं आणि शिलाईचा पॉलिस्टर दोरा आटत नाही.

कापड सरळ कापायचं तर पट्टी आणि खडू पुरत नाहीत. जिथे कापायचं तिथला एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचला आणि हळूहळू ओढून पूर्ण काढा. त्याच्या जागी एक बारीक फट दिसते, त्या फटीवरून कात्री चालवा. कापडाच्या विणीशी कड एकरूप राहते आणि धुतल्यावर चटई वेडीवाकडी होत नाही. दसुतीवर हे फार सोपं जातं.

२० बाय १५ च्या चटईला चारी बाजूंनी दुमडीसाठी दीड-दीड इंच धरा, म्हणजे तुकडा २३ बाय १८ चा. ५४ इंच पन्ह्याचं कापड धुतल्यावर ५१ इंच राहतं. त्यात दोन तुकडे शेजारी-शेजारी बसतात, तीन ओळींत सहा. दीड मीटर कापडात सहा चटया होतात आणि बाजूला एक लांब पट्टी उरते. ती ठेवा, पुढे लागेल.

यातली खरी कसोटी कोपऱ्याची. साधी दुहेरी दुमड दोन्ही बाजूंनी घातली तर कोपऱ्यावर कापडाचे नऊ थर जमतात. सुई अडते, टाके सुटतात आणि कोपरा बोट लागेल इतका फुगतो. त्यावर उपाय तिरक्या जोडाचा कोपरा. चारी कडांना आधी अर्ध्या इंचाची दुमड घालून इस्त्री फिरवा, मग एक इंचाची दुसरी दुमड घालून पुन्हा इस्त्री. आता सगळं उलगडा. प्रत्येक कोपऱ्यात इस्त्रीच्या रेषांची चौकट दिसेल. सगळ्यांत आतल्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडूनं ठिपका द्या. कोपऱ्याचं टोक आत आणा, असं की तिरकी घडी बरोबर त्या ठिपक्यावरून जाईल. घडी दाबून रेष पाडा, उलगडा, आणि त्या रेषेच्या बाहेर पाव इंच ठेवून टोक कापून टाका. ठेवलेला पाव इंच त्याच रेषेवर आत दुमडा. मग आधी अर्ध्या इंचाची आणि नंतर एक इंचाची दुमड जुन्याच रेषांवर परत घाला. दोन्ही कडा ४५ अंशांत एकमेकींना टेकतील. हा जोड आधी सुईनं चार बारीक टाके घालून बांधा, मग चारी बाजूंनी आतल्या कडेलगत मशीनची टीप मारा. जाड कापडाला १६ नंबरची सुई आणि इंचाला दहा टाके. कोपऱ्यावर आल्यावर सुई कापडात खाली ठेवूनच दाब वर करा आणि कापड फिरवा, म्हणजे टीप तुटत नाही. पहिला कोपरा जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून पाहा. तो हाताखालून गेला की पुढचे सोपे वाटतात.

पूर्ण टेबलावर कापड हवं असेल तर चौघांच्या टेबलाचा हिशेब असा. वरचं फळकूट ४८ बाय ३० इंच, चारी बाजूंना आठ-आठ इंच लोंबतं, शिवाय दीड-दीड इंच दुमड. म्हणजे ६७ बाय ४९. ५४ पन्ह्याचं दोन मीटर कापड घेतलं की आटूनही पुरतं. सहा जणांच्या टेबलाला रुंदी ५५ इंचांवर जाते आणि इथे जोड येतो. तो मधोमध कधीही घेऊ नका, पातेली त्यावर डुगडुगतात. मधला पन्हा अखंड ठेवा आणि दोन्ही लांब बाजूंना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या जोडा. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ घरात असेल तर त्याच्यासाठी याहून चांगली जागा नाही. अंग विरलं तरी काठ बहुधा शाबूत असतो. रोजच्यासाठी मात्र मी चटयाच सुचवेन. एकाच्या ताटातलं सांडलं म्हणून सगळ्या घराचं कापड धुवायला काढावं लागत नाही.

चौकोनी घडी घालून ताटाशेजारी ठेवायचे रुमाल मी या यादीत मुद्दाम घेतले नाहीत. आपण जेवून उठतो आणि हात धुतो. आपल्या टेबलाला रुमाल हवा तो पोळ्यांच्या डब्यात. गरम पोळीची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि खालच्या पोळ्या ओल्या होतात. मधे सुती कापड असलं की वाफ त्यात जाते आणि पोळी मऊ राहते. यासाठी जाड सूत नको, मलमल किंवा वापरून मऊ झालेलं धोतर घ्या. १८ इंचांचा चौरस, पांढरा, बिनरंगाचा, बिनखळीचा. कडेला पाव इंचाची बारीक दुमड आणि हातानं तुरपाई. मशीनची टीप पातळ कापडाला ओढ देते. असे चार रुमाल तरी करा, कारण हे रोज धुवावे लागतात.

गॅसवरून उतरलेल्या पातेल्याखाली मात्र एकेरी चटई चालणार नाही. तिथे गोधडीचीच पद्धत हवी. जुन्या सुती कापडाचे पाच-सहा थर एकावर एक, वरखाली जरा बरं दिसणारं कापड, आणि सगळ्यावर बोटभर अंतरानं धावदोरा. नऊ इंचांचा चौरस पुरतो. कडेला त्या उरलेल्या लांब पट्टीची गोट लावा आणि एका कोपऱ्यात अडकवायला फासा. आतल्या थरांत एकही पॉलिस्टरची चिंधी जाऊ देऊ नका, गरम बुडाखाली ती वितळते. ज्यांना लोक गोधडेबुवाही म्हणत, त्या गाडगेबाबांच्या वास्तव्यानं हे गाव पुनीत झालं आहे. चिंध्या जोडून शिवलेला पेहराव त्यांनी जन्मभर अंगावर वागवला. इथे तरी सुती चिंधी टाकून देण्याची लाज वाटायला हवी, असं मला वाटतं.

राहिला डागांचा प्रश्न. सुती कापडाला नाही म्हणताना बहुतेक जणी तेवढंच कारण सांगतात. तर्री सांडली तर लगेच पाणी लावू नका. वर डाळीचं पीठ पसरा, अर्ध्या तासानं झटका, तेल बरंचसं त्याच्याबरोबर जातं. मग साबण लावा. साबण लागताच पिवळा डाग लालभडक होईल. घाबरू नका, हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हळदीचं कुंकू होतं ते असंच. धुवून झाल्यावर कापड ओलं असतानाच भर उन्हात डागाची बाजू वर करून टाका. हळदीचा रंग उजेडापुढे टिकत नाही, आणि वऱ्हाडात उन्हाची कमतरता नाही. एका उन्हात नाही गेला तर पुन्हा ओलं करून दुसरं ऊन दाखवा. डाग जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका, राहिलेलं तेल उष्णतेनं धाग्यात पक्कं बसतं.

महालक्ष्म्यांना टेबल बाजूला सरतं आणि पंगत जमिनीवर बसते. म्हणून पुढच्या लेखांकात पंगतीच्या लांब पट्ट्या आणि बसकरं घेऊ. त्यासाठी जाड दसुती किंवा जुनी सतरंजी लागेल. दसुती नवी आणणार असाल तर तीही आधी भिजवून, वाळवून तयार ठेवा.