घरच्या कुंडींत बियांपासून कमळ

थंड देशांतील बागांत पिओनी नांवाचें मोठ्या फुलांचें झाड लावतात. त्याची बी आधीं उबेंत मूळ सोडते. मग हिंवाळ्याची दीर्घ थंडी लागल्यावांचून तिला कोंब फुटत नाहीं, आणि फूल येण्यास चार-पांच वर्षें लागतात. नांदेड-लातुराकडे तशी थंडी पडत नाहीं, म्हणून तें झाड आपल्या परसांत लावण्याचा खटाटोप व्यर्थ होय. परंतु तसेंच थोर फूल देणारें, तसाच धीर मागणारें, आणि आपल्या उन्हास व काळ्या मातीस मानवणारें एक झाड आहे. तें म्हणजे कमळ. तें बियांपासून कसें करावें हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम बी ओळखणें अगत्याचें आहे, कारण फसवणूक येथेंच होते. कमळाची पक्व बी काळसर, लांबट-गोल, बोराच्या आठळीएवढी व दगडासारखी टणक असते. पूजेच्या सामानाच्या दुकानांत ती कमळगट्टा या नांवानें मिळते. माळेसाठीं आरपार भोंक पाडलेल्या बियांतील अंकुर दुखावलेला असतो, तसेंच खाण्यासाठीं सोललेल्या पांढऱ्या बियाही रुजत नाहींत. त्या घेऊं नयेत. मखाणा म्हणजे कमळाची बी असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बिहारांत होणाऱ्या निराळ्याच पाणवनस्पतीचा होय. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडील कमळ गुलाबी किंवा पांढरें असतें. पिवळा रंग मूळचा अमेरिकेंतील जातीचा. निळें कमळ म्हणून ज्यास म्हणतात तें कुमुदिनीच्या वर्गांतील असून त्याची बी अगदीं बारीक असते. तेव्हां निळ्या कमळाचें चित्र छापलेल्या पाकिटांत टपोऱ्या काळ्या बिया निघाल्या, तर पैसे वायां गेले असें समजावें.

या बीचें कवच इतकें घट्ट असतें कीं त्यांतून पाणी आंत शिरत नाहीं. त्यामुळेंच ती फार काळ जिवंत राहते. जपानांत इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञांस चिबा येथें १९५१ सालीं जमिनींत खोल पुरलेल्या बिया सांपडल्या. त्या सुमारें २००० वर्षांपूर्वींच्या समजल्या जातात. त्यांपैकीं एकीच्या रोपास १९५२ च्या जुलैंत फूल आलें. यावरून उघड होतें कीं बी जुनी आहे म्हणून टाकूं नये. मात्र कवच न फोडतां ती नुसती मातींत पुरल्यास वर्षानुवर्षें तशीच पडून राहील.

लागवडीस फाल्गुन-चैत्राचा काळ उत्तम. बीचें एक टोंक अणकुचीदार व दुसरें किंचित् खोलगट असतें. खोलगट टोंक कानसेवर किंवा खरखरीत दगडावर घासावें. काळ्या-तपकिरी कवचाखालीं पिवळसर पांढरा थर दिसूं लागतांच थांबावें. अधिक घासल्यास गर नासतो. मग कांचेच्या भांड्यांत कोमट पाण्यांत बिया टाकून भांडें उजेडांत ठेवावें व पाणी रोज बदलावें. एक-दोन दिवसांत चांगली बी फुगून मोठी होते. न फुगतां तरंगत राहणाऱ्या बिया काढून टाकाव्या. चार ते आठ दिवसांत हिरवा कोंब निघतो. पिओनीच्या उलट येथें कोंब आधीं व मुळ्या मागाहून येतात, म्हणून मुळ्या दिसत नाहींत यानें घाबरूं नये. तीन-चार पानें व मुळ्या आल्यावर रोप हलवावें.

कुंडी गोल, तळास छिद्र नसलेली, दीड-दोन फूट रुंद घ्यावी. कमळाचा कंद मातींत आडवा धांवतो आणि चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांत अडकतो. तळाशीं पांच-सहा इंच शेतांतील भारी काळी माती, खडे व काडीकचरा काढून, चिखल करून भरावी. इतर कुंड्यांस जी माती निचरा होत नाहीं म्हणून नकोशी वाटते, तीच येथें गुणकारी आहे. रोपाच्या मुळ्या चिखलांत हलक्या हातानें बसवून वर प्रथम दोन-तीन इंच पाणी ठेवावें व पानें वाढतील तसें तें वाढवावें. कुंडीस निदान सहा तास ऊन मिळालें पाहिजे. ताजें शेण कधींही घालूं नये, पाणी नासतें. पाण्यावर उभीं राहणारीं पानें आल्यानंतर मूठभर पूर्ण कुजलेलें शेणखत कागदांत बांधून काठाशीं मातींत दाबावें. डांस होऊं नयेत म्हणून चार-पांच गप्पी मासे सोडावे.

पाण्याचा प्रश्न आपल्या भागांत प्रथम विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल? म्हणून हिशेब मांडूं. दोन फूट व्यासाच्या कुंडींतून कडक उन्हांत दिवसास एक सेंटिमीटर पाणी आटलें असें धरल्यास तें सुमारें तीन लिटर होतें. पानांवाटें थोडें अधिक जाईल. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी गाळून घातल्यास हा खर्च बहुतांशीं भागतो. साबणाचें पाणी मात्र वर्ज्य. ज्या वर्षीं पिण्याचीच टंचाई असेल त्या वर्षीं नवी कुंडी मांडूं नये. असलेल्या कुंडींतील चिखल ओला राखला तरी कंद तग धरतो.

फूल बहुधा दुसऱ्या वर्षीं येतें. थंडींत पानें पिवळीं पडून गळतात. झाड मेलें असें समजून तें उपटूं नये. बियांपासून झालेलें फूल मूळ झाडासारखेंच निघेल अशी खात्री नसते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनें २०२३ सालीं १०८ पाकळ्यांचें कमळ प्रसिद्ध केलें. तसें फूल हवें असल्यास त्याचा कंदच मिळविला पाहिजे. आपल्या कुंडींत आवडीचें फूल आलें, तर माघाच्या सुमारास कोंबाचीं टोंकें न मोडतां कंद वेगळे करून शेजाऱ्यांस द्यावे. हौशी बंधूंनीं यंदा पांच-सात बियांचा प्रयोग अवश्य करून पाहावा.