फिल्टरवरचा तांबूस गंज

कॅरम खेळताना सोंगट्या सरसर पळाव्यात म्हणून तुम्ही बोर्डावर पांढरी पावडर टाकता ना? बऱ्याच घरांत ती बोरिक पावडर असते, म्हणजेच बोरिक आम्ल. दिसायला किती साधी, गरीब बिचारी! पण मित्रांनो, याच बोरिक आम्लानं अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रात सहा इंचांहून जाड पोलाद खाऊन टाकलं होतं. आणि खरी काळजीची गोष्ट पुढेच आहे. पोलाद खाल्लं जात असताना त्याच्या खुणा तिथल्या माणसांना दिसत होत्या. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा!

घाबरू नका, या गोष्टीत कोणालाही इजा झाली नाही. पण अणुवीज केंद्राची तपासणी म्हणजे काय, आणि ती कुठे चुकू शकते, हे समजून घ्यायला याहून चांगली गोष्ट सापडायची नाही.

पाण्यात बोरिक आम्ल कशाला?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी नावाचं अणुवीज केंद्र आहे. १९७८ पासून तिथे व्यापारी तत्त्वावर वीज तयार होऊ लागली.

अणुभट्टी म्हणजे एक प्रचंड, जाडजूड पोलादी भांडं. त्यात युरेनियमचं इंधन असतं. युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते आणि भोवतीचं पाणी तापतं. डेव्हिस-बेसीच्या भट्टीत हे पाणी ३०० अंश सेल्सियसपेक्षाही जास्त तापतं, तरी ते उकळत नाही! का बरं? कारण ते वातावरणाच्या जवळजवळ दीडशे पट दाबाखाली कोंडलेलं असतं. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये हाच दाब साधारण दुप्पट असतो. आता करा कल्पना!

या पाण्यात बोरिक आम्ल मिसळतात. त्यातलं बोरॉन हे मूलद्रव्य न्यूट्रॉन गिळतं. न्यूट्रॉन कमी झाले की अणू फुटण्याची साखळी मंदावते. म्हणजे बोरॉन हा भट्टीचा एक लगामच म्हणा ना.

भांडं म्हटलं की झाकण आलंच. डेव्हिस-बेसीच्या भट्टीचं झाकण घुमटासारखं होतं आणि त्याला ६९ नळ्या बसवलेल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींतून नियंत्रक कांड्या खाली-वर होत. झाकण साडेसहा इंचांहून थोडं जाड, साध्या पोलादाचं होतं. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई करतात, तसं या झाकणाला आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर होतं. त्याची जाडी जेमतेम एक सेंटिमीटर. बोरिक आम्ल असलेलं पाणी स्टेनलेस स्टीलला त्रास देत नाही. साध्या पोलादाला मात्र ते चावतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भट्टीची दिवाळी

दिवाळीआधी आपण घरातलं सगळं सामान हलवून कोपरान् कोपरा झाडतो. अणुवीज केंद्रातही अशी साफसफाई येते. डेव्हिस-बेसीत साधारण दोन वर्षांनी भट्टी बंद करायची, झाकण उघडायचं आणि जुन्या इंधनाचा काही भाग काढून नवं इंधन भरायचं, असा क्रम होता. भट्टी चालू असताना जिथे जाता येत नाही, त्या जागा तपासायची हीच संधी!

मग शेकडो ज्यादा माणसं येतात. नळ्यांच्या सांध्यांवर श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून आत तडा आहे का ते बघतात. आईच्या पोटातलं बाळ सोनोग्राफीत दिसतं ना, त्याच युक्तीनं पोलादाच्या पोटातली भेग शोधायची. जिथे माणूस वाकूही शकत नाही, तिथे कॅमेरा जातो. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर डोसीमीटर लावलेला असतो. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला याचा हिशेब तो ठेवतो. भट्टीजवळ नेलेल्या हत्यारांचीही मोजदाद होते. दहा पाने आत गेले तर दहाच बाहेर आले पाहिजेत. एखादा राहिला, तर तो सापडेपर्यंत शोध!

वाचताना वाटतं, इतका कडक बंदोबस्त असताना चूक व्हावीच कशी? पण झाली. कशी ते बघा.

ओळखीचं उत्तर

डेव्हिस-बेसीच्या झाकणावर पांढरी पावडर साचते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. झाकणाच्या वर काही जोड होते. ते थोडेफार गळायचे. गळलेलं पाणी वाफ होऊन उडून जाई आणि मागे बोरिक आम्ल उरे. झाकण तापलेलं, त्यामुळे पावडर कोरडी. आणि कोरडी पावडर पोलादाला फारशी इजा करत नाही. म्हणून सगळे म्हणत, “वरच्या जोडातून आली असणार. चालायचंच!”

उत्तर ओळखीचं होतं, सोयीचंही होतं. शिवाय झाकणाभोवती पोलादी आवरण होतं. आत डोकवायला फक्त तळाशी लहान लहान खिडक्या होत्या. त्या मोठ्या कराव्यात, म्हणजे झाकण नीट बघता आणि धुता येईल, असा प्रस्ताव १९९० नंतर कितीदा तरी पुढे आला आणि दर वेळी पुढच्या वेळेवर ढकलला गेला.

मग १९९९ साल उजाडलं. भट्टीच्या इमारतीतल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रं असतात. त्यांचे फिल्टर एरवी महिन्याने बदलावे लागत. ते आता लवकर लवकर तुंबू लागले. फिल्टरवरची धूळ प्रयोगशाळेत तपासली, तर त्यात निघाला लोखंडाचा बारीक गंज!

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. बंद इमारतीच्या हवेत गंज उडतोय. म्हणजे कुठलं तरी लोखंड झिजतंय. मग तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल? “हे लोखंड कुठलं?” होय ना?

तिथे मात्र प्रश्न झाला, “फिल्टर तुंबतात, त्यांचं काय करायचं?” आणि त्याचं उत्तर अगदी सोपं होतं. फिल्टर अधिक वेळा बदला, हवा गाळायला आणखी यंत्रं आणा! २००१ च्या अखेरीस फिल्टर दर एक दिवसाआड बदलले जात होते. बदलण्याचं काम अगदी वेळेवर होत होतं. नोंदीही होत होत्या.

२००० सालच्या एप्रिलमध्ये भट्टी बंद असताना झाकणाचे फोटो काढले होते. त्यांत खिडक्यांतून बाहेर आलेले बोरिक आम्लाचे ओघळ दिसत होते. त्यांचा रंग पांढरा नव्हता, तांबूस होता. गंजाचा! गरम पाण्यानं झाकण धुतलं, पण सगळी पावडर निघाली नाही. भट्टी पुन्हा सुरू झाली.

मार्च २००२

इकडे जगात काय चाललं होतं? झाकणाच्या अशा नळीला तडा गेल्याचं फ्रान्समधल्या ब्युजे केंद्रात १९९१ मध्येच आढळलं होतं. २००१ मध्ये अमेरिकेच्या ओकोनी केंद्रात त्याहून धोकादायक, नळीभोवती गोल फिरणारे तडे सापडले. तेव्हा अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं अशा केंद्रांना आपापल्या नळ्यांची माहिती मागितली. डेव्हिस-बेसीची तपासणी ३१ डिसेंबर २००१ पर्यंत व्हावी, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपनीला मुदत हवी होती. भट्टी मध्येच बंद करायची म्हणजे दर दिवसाला मोठा तोटा. शेवटी १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

तपासणीत तीन नळ्यांना आरपार तडे सापडले. दुरुस्ती सुरू झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या क्रमांकाच्या नळीवर यंत्र काम करत होतं. यंत्र बाजूला घेताना ती नळीच कलंडली! सहा इंचांहून जाड पोलादात घट्ट बसलेली नळी हलेल कशी? झाकण साफ करून पाहिलं, तर नळीशेजारी पोलादच नव्हतं. सुमारे सात इंच लांब आणि पाच इंच रुंद असा खड्डा पडला होता. त्याच्या तळाशी उरलं होतं फक्त ते कल्हईसारखं पातळ स्टेनलेस स्टीलचं अस्तर. दीडशे पट दाबाचं पाणी त्यानं एकट्यानं अडवून धरलं होतं, आणि त्या दाबानं ते बाहेरच्या बाजूला थोडं फुगलंही होतं!

झालं होतं असं, की नळीच्या तड्यातून पाणी गळत होतं. गळती वाढली तशी तिथली जागा थंड झाली, पावडर ओली राहू लागली. आणि ओलं, गरम, दाट बोरिक आम्ल साध्या पोलादाला भराभर खातं. फिल्टरवरचा तांबूस गंज होता तो याच झाकणाचा.

अस्तर फाटलं असतं तर? भट्टीतलं पाणी वेगानं बाहेर पडलं असतं. अशा वेळी आपोआप थंड पाणी सोडणारी आणीबाणीची यंत्रणा असते, पण सगळा भरवसा मग तिच्यावरच राहिला असता. ते झाकण टाकून द्यावं लागलं. मिशिगनमधल्या मिडलँड इथे एक केंद्र अर्धवट सोडून दिलेलं होतं, तिथलं न वापरलेलं झाकण आणून बसवलं. केंद्र दोन वर्षं बंद राहिलं आणि मार्च २००४ मध्ये सुरू झालं. २००५ मध्ये कंपनीला साडेचौपन्न लाख डॉलरचा दंड झाला. २००६ मध्ये खटला टाळण्यासाठी तिनं आणखी दोन कोटी ऐंशी लाख डॉलर भरायचं कबूल केलं. काही दिवस भट्टी लवकर बंद न करून वाचवलेले पैसे किती महाग पडले पाहा! आणि नियामक आयोगानं स्वतःचीही चौकशी केली. आपणही खुणा जोडून पाहिल्या नाहीत, हे त्यात मान्य केलं.

आपल्याकडे कोण तपासतं?

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज तयार होऊ लागली. भारतातलं ते पहिलं अणुवीज केंद्र. या केंद्रांवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईला अणुशक्तिनगरात आहे. केंद्राला परवाना ठरावीक वर्षांसाठीच मिळतो आणि दर दहा वर्षांनी त्याच्या सुरक्षेची सगळी उजळणी होते. “बांधलं तेव्हा चांगलं होतं” हे उत्तर तिथे चालत नाही. यंत्रं जुनी झाली का? जगात इतरत्र काय बिघडलं? त्यावरून आपण काय शिकलो? हे सगळं विचारलं जातं. तारापूरची पहिली दोन युनिट्स २००५-०६ मध्ये काही महिने बंद ठेवून त्यांच्यात अशाच सुधारणा केल्या होत्या.

एरवी ‘शंकेखोर’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण तपासणी करणारा माणूस शंकेखोरच हवा. यादीवर बरोबरच्या खुणा करणं सोपं असतं. “हे इथे आलंच कुठून?” असं विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत न थांबणं, हे त्याचं खरं काम.

तुम्हीही हे करून बघा. घरी गॅसच्या शेगडीची रबरी नळी असते. तिच्यावर तारीख छापलेली असते, ती आईबाबांना वाचायला सांगा. भिंतीवर नवीन ओल दिसतेय का? कुठल्या बटणाभोवती काळपट डाग पडलाय का? हात मात्र कशालाही लावायचा नाही हं! मोठ्यांना दाखवायचं आणि विचारायचं, “हे कशामुळे झालं?” आणि “काही नाही रे, असंच असतं ते” असं उत्तर आलं, तर न कंटाळता पुन्हा एकदा विचारायचं.